जाड दांड्याचं गणित

गेलं वर्षभर ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय. विशी-पंचविशीतला मुलगा, पाठीला सॅक, आणि मागणी अशी, "दादा, जिमच्या रॉडवर बसेल असा जाड पाइप आहे का? वीतभर तुकडा चालेल." किती इंची, असं विचारलं की तो हवेत अर्धवट मूठ करून दाखवतो आणि म्हणतो, "एवढा."

माप न घेता पाइप मागायला येणाऱ्याचा मला एरवी वैताग येतो. या पोरांना मात्र मी स्टूल देतो, कारण दहा वर्षं मीही घरच्या बाल्कनीत वजनं उचलतोय आणि या 'एवढा'पायी बराच माल वाया घालवलाय. रॉडवर पाइप चढवून तो जाड करायचा आणि हाताची पकड घडवायची, याबद्दल काउंटरवर त्यांना तुटक तुटक जे सांगतो, ते इथे सलग लिहितो.

आधी एक प्रयोग. घरातला तांब्या पाण्याने काठोकाठ भरा. गळ्याला धरून उचला, धरून ठेवा. मग तोच तांब्या पोटाला धरून, एका हाताने. पाणी तेवढंच, तांब्या तोच, तरी दुसऱ्या वेळी बोटं शिवशिवायला लागतात आणि नजर आपोआप खालच्या फरशीकडे जाते. जाड दांड्याचा सगळा व्यायाम म्हणजे तांब्या मुद्दाम पोटाला धरणं. वजन वाढवायचं नाही, पंजा उघडा ठेवायचा.

पंजा उघडला की ताकद कुठे जाते? बोटांमध्ये स्नायू नसतात हे ऐकून बरेच जण चमकतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये, ज्याला जिममध्ये फोरआर्म म्हणतात तिथे बसलेले असतात. तिथून लांबलचक कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. सायकलचा ब्रेक आठवा. दाबायची दांडी हँडलला, रबर चाकाजवळ, मध्ये वायर. डाव्या हाताने उजवा फोरआर्म धरा आणि उजव्या हाताची बोटं पेटीवर चालवल्यासारखी हलवा. आत काहीतरी सरकताना जाणवेल. ती ब्रेकची दांडी. म्हणून पकडीचा व्यायाम हा शेवटी फोरआर्मचा व्यायाम असतो.

आता कोणताही स्नायू सगळ्यात जास्त जोर मधल्या लांबीला लावतो. फार आखडलेला असला तरी जोर कमी, फार ताणलेला असला तरी कमी. फिजिओथेरपिस्टकडे पकड मोजायचं जामार नावाचं यंत्र असतं, त्याच्या मुठीला पाच खाचा असतात. बहुतेकांचा आकडा दुसऱ्या खाचेवर सगळ्यात मोठा येतो. मूठ त्याहून मिटली की आकडा उतरतो आणि उघडत नेली तरी उतरतो. जाड दांडा तुम्हाला या उताराकडे ढकलतो.

एवढ्याने भागत नाही, कारण दाराला कडीही असते. बारीक रॉड धरला की अंगठा बोटांच्या पाठीवर चढून बसतो. ही कडी. ती लागली की बोटं थोडी ढिली पडली तरी दार उघडत नाही. रॉड जाड झाला की अंगठ्याचं टोक बोटांपर्यंत पोचतच नाही. दार नुसतं लोटलेलं राहतं आणि अंगठ्याला स्वतःच्या जोरावर उलट्या बाजूने दाबत राहावं लागतं. इतकी वर्षं फुकट बसून खाल्लेला अंगठा एकदम कामाला लागतो. जाड रॉडनंतर दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग दुखतो, तो यामुळेच.

तिसरी गोष्ट लोळण्याची. रॉडचं वजन त्याच्या मध्यातून खाली ओढत असतं. २८ मिमीच्या रॉडमध्ये तो मध्य पृष्ठभागापासून १४ मिमीवर असतो, ५० मिमीच्या दांड्यात २५ मिमीवर. मध्य बोटांच्या हुकापासून जितका लांब, तितका दांडा बोटं उलगडत बाहेर लोळायला बघतो. शिवाय बारीक रॉडखाली बोटं पूर्ण वळसा घालून येतात, जाड दांड्याखाली नुसती टोकं पोचतात.

आणि मनगट. हात आतल्या बाजूला पूर्ण दुमडा आणि त्याच हाताने पेन घट्ट धरून बघा. कोणीही सहज काढून घेईल. मनगट किंचित मागे असेल तरच मूठ घट्ट होते, आणि ते मागे धरून ठेवायचं काम फोरआर्मच्या वरच्या बाजूचे, केसाळ बाजूचे, स्नायू करतात. पकड जितकी कठीण, तितकी त्यांच्यावर मेहनत. हे लक्षात ठेवा, कोपराच्या दुखण्यापाशी परत येऊ.

ही अक्कल काही आजची नाही. लुई युनी नावाचा फ्रेंच पैलवान, आखाड्यातलं नाव अपोलॉन, आगगाडीच्या डब्याची दोन चाकं आख्ख्या आसासकट उचलायचा. वजन १६६ किलो, ते आजच्या वेटलिफ्टरला भारी वाटणार नाही. खोच होती ती सुमारे ४९ मिमी जाडीच्या, न फिरणाऱ्या आसात. पुढे १९३० साली शार्ल रिगुलोने आणि १९४९ मध्ये अमेरिकेच्या जॉन डेव्हिसने तो आस डोक्यावर नेला, आणि मधल्या काळात भल्याभल्यांनी हात टेकले. इंग्लंडच्या थॉमस इंचचा डंबेल तर ७८ किलोचाच, पण मूठ ६० मिमी जाड. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली ती आमच्या ठाण्यात, त्यामुळे आगगाडीच्या आसाची गोष्ट मी गिऱ्हाइकांना जरा जास्तच रंगवून सांगतो.

आपल्याकडे मल्लखांबावर एरंडेल लावतात आणि तरी पोरं त्याला चिकटून असतात. कांडणाचं मुसळ, चेंदणी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या हातातलं वल्हं, आखाड्यात फिरवायचे लाकडी मुद्गल आणि करेला: यातलं काहीही पेन्सिलीसारखं बारीक नव्हतं. जिमचा २८ मिमीचा रॉड हा जास्तीत जास्त वजन उचलता यावं म्हणून ठरलेला आकार आहे, हात घडवण्यासाठी ठरलेला नाही.

बाजारात यासाठी तयार रबरी नळ्या मिळतात. सगळ्यात प्रसिद्ध, फॅट ग्रिप्झ, ५७ मिमीच्या. चांगल्या आहेत. पण परदेशी पंजाला ५७ बसतं म्हणून तुम्हालाही बसेल असं नाही, आणि माझं मुख्य म्हणणं हेच आहे. जाडी हे सुद्धा वजनच आहे, ते तुमच्या हाताच्या मापाने घ्यायला हवं. रॉडवर जुना पेपर घट्ट गुंडाळत जा आणि मधूनमधून मूठ मारून बघा. अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं टोक एकमेकांना भिडायचं जिथे थांबतं, तिथून तुमचा 'जाड' सुरू होतो. दोन टोकांत एका बोटाचं अंतर पडलं की सरावाला भरपूर झालं. तिथे शिंप्याची टेप फिरवा, आकड्याला ३.१४ ने भागा. १५.७ सेंटीमीटर घेर म्हणजे ५० मिमी. मला तेवढं पुरतं. बायकोची टोकं ४२ वरच सुटतात, आणि ४२ वर ती जेवढी घाम गाळते तेवढाच मी ५० वर.

आता माझा खरा विषय, पाइप. दुकानात येऊन 'दीड इंची द्या' म्हणू नका. दीड इंची या शब्दाचे निदान दोन अर्थ होतात. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीमध्ये दीड इंची पाइप बाहेरून ४१ मिमी भरतो. जीआयमध्ये (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) किंवा शेड्यूल ४० च्या (हे भिंतीच्या जाडीचं एक प्रमाण) पांढऱ्या यूपीव्हीसीमध्ये तोच दीड इंची बाहेरून ४८ मिमी. शेतीचा करडा पाइप तर इंचात नव्हेच, बाहेरच्या मिमीत विकतात: ४०, ५०, ६३. मिस्त्रीला पाणी किती जाईल याच्याशी मतलब असतो, तुम्हाला बाहेरून हाताला काय लागेल याच्याशी. म्हणून रॉडची जाडी आणि स्वतःच्या मुठीचा आकडा, दोन्ही कागदावर लिहून आणा.

माझी आवडती जोडणी शेड्यूल ४० ची, आणि ती मला एका पावसाळी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तुकडे एकमेकांत घालून बघताना सापडली. एक इंची पाइपचं आतलं माप २६.६ मिमी, म्हणजे २८ च्या रॉडपेक्षा जेमतेम लहान. त्याला लांबीच्या बाजूने एक चीर दिली की तो किंचित उघडून रॉडला कावळ्याच्या चोचीसारखा धरून बसतो, फिरत नाही. बाहेरून झाला ३५. सव्वा इंची पाइपचं आतलं माप बरोबर ३५, तो चीर देऊन त्यावर चढतो. बाहेरून ४२. त्यावर दीड इंची, तोही चिरलेला: बाहेरून साडेएकोणपन्नास. डब्यात डबा, डब्यात डबी. एकाच रॉडवर तीन जाड्या, आणि वाढवायच्या त्या महिन्यामहिन्याने. तयार नळीत हे मिळत नाही. कंपनीगणिक भिंतीची जाडी थोडी इकडेतिकडे असते, तेव्हा रॉडच्या मापाचा एखादा तुकडा घेऊन या आणि दुकानातच बसवून बघा.

तुकडे १५ सेंटीमीटरचे पुरतात. आडवा काप कोणीही देईल, उभी चीर देणं मात्र वैतागाचं काम आहे. पाइप गोल, पातं सरकतं, चीर नागमोडी होते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात पाइप टेकवून पेन्सिलने सरळ रेघ मारा, शिकंज्यात हलकेच आवळा, हॅक्सॉ घाई न करता चालवा. नाहीतर वागळे इस्टेटमध्ये एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला चहा पाजा. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती त्याच वसाहतीपासून. अजूनही तिथल्या गल्लीबोळांत चार मिनिटांत चीर मारून देणारी माणसं भेटतात. चढवताना पाइप कुरकुरला तर दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मऊ पडतो.

कापल्यावर चिरेच्या कडा पॉलिश पेपरने घासल्याच पाहिजेत. मी पहिल्यांदा घासल्या नाहीत. डेडलिफ्ट मारताना, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलताना, मूठ आवळली, चीर मिटली, आणि तळहाताचं कातडं मधोमध चिमटलं गेलं. आठवडाभर दुकानात नाणी मोजताना ते आठवत होतं. तेव्हापासून प्रत्येक थराची चीर वेगळ्या बाजूला ठेवतो आणि सगळ्यात वरची चीर तळव्यापासून लांब. वरून क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवतो. खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळते, घामाने निसटत नाही, आणि चीरही झाकते. ठाण्याच्या दमटपणात उघडा पीव्हीसी म्हणजे साबणाची वडी.

बॅटची ग्रिप नको असेल तर सायकलची जुनी ट्यूब. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बाद ट्यूबांचा ढीग असतो. उभी चिरून लांब पट्टी करा आणि ताणून ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा. नुसती ट्यूबच थरावर थर गुंडाळूनही जाडी येते, आणि ती घट्ट असते.

घट्ट हा शब्द महत्त्वाचा. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी फोमची नळी बघून सगळ्यांचा जीव भुलतो: चीर आधीच मारलेली, बोटांना मऊ, किंमत किरकोळ. पण भार आला की फोम दबतो आणि ५० चा दांडा मुठीत ३५ चा होतो. हलक्या डंबेलला ठीक, जड उचलायला निरुपयोगी. टॉवेलची गोष्ट त्याहून वाईट. सुरुवातीला मी पंचा गुंडाळून त्यावर दोन रबर लावले होते. १५ किलोचा डंबेल पंच्याच्या आत गर्रकन फिरला आणि सरळ फरशीवर. फरशीला तडा गेला तो अजून आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन एवढंच विचारलं, "सिलिंडर पडला का हो?" त्या दिवसापासून बाल्कनीत जुनी रबरी मॅट आहे आणि काकांशी संबंध बरे आहेत.

ज्यांच्याकडे ५० मिमी भोकाच्या वजनाच्या प्लेटा आहेत त्यांनी मात्र या चिरण्याच्या भानगडीत पडू नये. सरळ दीड इंची जीआय पाइप घ्यावा, सी क्लास, भिंत ४ मिमीची. बाहेरून ४८.३, त्यामुळे प्लेटा सुखाने आत जातात. सहा फुटांचं वजन साधारण ८ किलो, हिशेबात धरा, कारण जिमच्या मोठ्या रॉडप्रमाणे तो २० किलोचा नाही. प्लेटा आत सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना रबरी पट्टी आणि तिच्यावर होज क्लिप आवळा, बाहेरून प्लेटा अडवणारी कॉलर. टोकांची धार काढून घ्या. हा झाला गरिबाचा अपोलॉन.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी बादली घ्यावी. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, वर बादलीचं वजन. तारेच्या कडीवर चिरलेला जाड पाइप बसवा, दोन हातांत दोन बादल्या, आणि सोसायटीच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारा. कडी प्लास्टिकच्या कानात नीट अडकलेली आहे ना, हे आधी बघा. नळाला पाणी नसलेल्या दिवशी घरचे कौतुकही करतात.

वापरायचं कशाला? ओढायच्या आणि वाहायच्या व्यायामांना. डेडलिफ्ट, रोइंग, कर्ल, वजन धरून चालणं, बारला लटकणं. डोक्यावर किंवा छातीवर वजन येतं अशा कुठल्याही व्यायामाला चिरलेला पाइप नको, कारण तो सरकला तर खाली तुम्ही असता. जिमच्या रॉडला लावण्याआधी तिथल्या ट्रेनरला विचारा. आमच्या इथल्या एका जिममध्ये मला सगळ्यांसमोर हटकलं होतं. तेव्हा राग आला. आता वाटतं, त्याच्या जागी मीही हटकलं असतं.

वजन भरपूर कमी करावं लागतं. उजवा-डावा उलट न धरता, दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून मी साध्या रॉडवर ११० किलो उचलत होतो तेव्हा ५० मिमीवर ७० ला हात सुटला. पाठीला, पायांना ते ७० म्हणजे काहीच नव्हतं. म्हणून पाठीचे मोठे सेट बारीक रॉडवर करावेत आणि जाडीचे दोन-तीन सेट वेगळे ठेवावेत. आठवड्यातून दोनदा पुरे. स्नायूंपेक्षा कंडरा फार सावकाश सुधारतात, आणि मघाशी म्हटलेले ते मनगट मागे धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. दुधाची पिशवी उचलताना तिथे कळ आली तर समजा, घाई झाली. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच, टेनिस न खेळता होणारा. मला झाला तेव्हा चार महिने बादल्या बंद होत्या.

हाताला पावडर हवी तर मॅग्नेशियम कार्बोनेटची, जिम्नॅस्ट वापरतात ती. एका मुलाने पानाचा चुना लावून बघू का विचारलं होतं. अजिबात नाही, कातडी भाजेल. टाल्कम पावडरने तर हात उलट घसरतात.

'पकड वाढली की आयुष्य वाढतं' हे वाक्य घेऊनही पोरं येतात. त्यामागे एक मोठा अभ्यास आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांची पकड मोजून त्यांचा पुढे पाठपुरावा केला, तो २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पकड कमी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण पकड तिथे थर्मामीटरसारखी होती. आतून एकंदर शरीर कसं आहे ते ती दाखवते. थर्मामीटर बर्फात घातल्याने ताप उतरत नाही, तसं नुसता फोरआर्म फुगवून काय होईल ते त्या अभ्यासावरून सांगता येत नाही. मी पाइप विकतो, तरी एवढं सांगतो.

गेल्या महिन्यात त्यातलाच एक मुलगा परत आला. एरवी जिमच्या कपड्यांत असणारा, या वेळी शर्ट-पँटमध्ये. "दादा, ती फोमची नळी होती ना, तुम्ही नको म्हणालात ती. आईसाठी हवीय." आईच्या बोटांना संधिवात, झारा आणि पळी हातातून निसटते. मी म्हटलं, आईला तीच बरोबर. वजन एवढंसं असतं तेव्हा लोळण्याचा, उघड्या पंजाचा प्रश्नच येत नाही. उलट दुखरी बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत, अर्ध्या मुठीतच पळी बसते. दांडा जाड, काम हलकं. पळीच्या दांडीचं माप त्याने मोबाइलमध्ये लिहून आणलं होतं, मिलिमीटरमध्ये. मी दहा सेंटीमीटरचे तीन तुकडे कापले आणि सांगितलं, पळी गॅसजवळ टेकवून ठेवू नका, फोम वितळतो.